वायर उपटलेला कीबोर्ड

सिनेमातल्या हॅकरला टायपिंग येत नसतं, हे आधीच सांगून टाकतो. हिरोने कुठलीही कळ बडवली तरी पडद्यावर मी लिहून ठेवलेलंच उमटतं. माझा धंदाच तो, सिनेमांसाठी कॉम्प्युटरचे पडदे बनवायचे. हिरवी अक्षरं धबाधबा कोसळवायची, लाल पट्टी लुकलुकवायची, आणि दहाव्या सेकंदाला हिरो ओरडणार, "घुसलो!" अहो, दहा सेकंदांत आमचा मोडेम किंचाळायचासुद्धा थांबत नसे.

आमचा म्हणजे माझा आणि मुंगीचा. मुंगी हे त्याचं टोपणनाव. तेव्हा सगळेच टोपणनावाने वावरायचे आणि हॅकर ही शिवी नव्हती. पैशासाठी कुणी काही फोडत नसे. आत काय आहे ते बघायचं आणि निघताना 'तुमची कडी सैल आहे' असा निरोप ठेवायचा, एवढीच मस्ती. टेलिफोन एक्सचेंजच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला मुंगी तीन महिने खपला. त्याचा निरोप तिथल्या ऑपरेटर मुलीने वाचला आणि तक्रार करायची सोडून उत्तर लिहिलं. मग रोज दुपारी दोघं लिहीत बसायची, रोमन अक्षरांत मराठी. तिने त्याला कधी पाहिलं नाही. चार महिन्यांनी मुंगी तापाने गेला.

मी तिला जाऊन भेटलो आणि म्हणालो, तो मीच.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. "लिहायचास किती छान, आणि बोलायला बसलास की दगड," असं ती अधूनमधून म्हणते, हसत. मेलेल्या माणसावर जळणं काय असतं ते मला विचारा.

आता त्याच गोष्टीवर सिनेमा निघाला. गोष्ट अर्थातच माझ्या नावावर. त्यांचे संवाद मला ठाऊकच नव्हते, म्हणून लेखकाला म्हटलं, इतक्या वर्षांनी कुठलं आठवतंय! पडद्यावर नेहमीचा हिरवा कचरा भरून टाकला. बायको शूटिंग बघायला आली आणि हिरोकडे बघतच राहिली.

"तू असा असशील असं मला वाटायचं," ती म्हणाली. "तुला भेटायच्या आधी."

पोटात असं दुखलं म्हणून सांगू! कळा बडवणारा तो टोणगा, त्याचाही हेवा करायची पाळी आली माझ्यावर. चहाच्या सुट्टीत मी टेबलाखाली शिरलो. माझा प्रोग्राम आधीच बंद केला होता. कीबोर्डची वायर मशीनमधून उपटली आणि टोक टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवलं. म्हटलं, आता बडव लेका. सगळ्यांसमोर होऊ दे फजिती.

हिरो बडवू लागला. पडद्यावर अक्षरं आली. सावकाश, एकेक. त्याच्या बोटांचा आणि त्यांचा मेळच नव्हता.

'आज उशीर झाला. रागावलीस?' रोमन अक्षरांत मराठी.

"झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "हे कधी घातलंत?"

मी वाकून पाहिलं. टोक टेबलाच्या पायालाच होतं.

दुसऱ्या टेकला उमटलं, 'तुझ्या शेजारची ती खोकणारी बाई आज आली नाही का?'

मागून बायकोचा आवाज आला. "तुला तर काहीच आठवत नव्हतं ना?"

"आत्ता आठवलं," मी म्हणालो.

जेवणाची सुट्टी झाली. हिरो गेला, सगळेच गेले. ती जाऊन हिरोच्या खुर्चीत बसली. पडद्यावर नवी ओळ आली.

'शेवटच्या दिवशी तू एक विचारलं होतंस. उत्तर द्यायचं राहिलं.'

ती माझ्याकडे वळली. "मी काय विचारलं होतं रे?"

"खूप वर्षं झाली गं."

"हे कुणी विसरेल?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

"कोण होता तो?"

"मुंगी. माझा मित्र." मग म्हणालो, "तो गेला. मी तुला भेटलो त्याच्याआधीच."

"गेला?" ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

मी मशीनचं बटण दाबलं. आतल्या पंख्याची घरघर थांबली. पडदा विझला नाही. पहिल्या ओळीखाली दुसरी उमटत होती.

ती ओळ वाचून बायको हसली. तेवीस वर्षांत असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"जा, जेवून घे तू," ती म्हणाली.

मी हललो नाही.

कीबोर्डवर कुणाचीच बोटं नव्हती. कळा एकामागून एक खाली जात होत्या, काही घाई नसल्यासारख्या.

तिने त्यांच्यावर हात ठेवला. कळा थांबल्या.

मग तिच्या तळहाताखाली पुन्हा हलू लागल्या. तिने हात काढला नाही.