कंसातली भिंगरी

लेकीला घास भरवता भरवता ती आपले विनोद वाचून दाखवायची. लेक चार वर्षांची. घरभर गरगरत असायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. ज्या वाक्याला भिंगरी खिदळली ते पास, आणि त्याच्यापुढे ती कंसात लिहायची: (भिंगरी). पक्क्या प्रतीत तिथं (हशा) यायचं, आणि मालिका टीव्हीवर लागली की त्या जागी टेपवरचा हशा वाजायचा. दोन वर्षं चॅनेलचे उंबरे झिजवल्यावर हे काम मिळालं होतं. ते टिकवायचं तर चूक परवडणारी नव्हती.

तिसऱ्या भागात एक कंस बदलायचा राहून गेला.

डबिंगच्या खोलीत ती साउंडवाल्या काकांशेजारी बसली होती. पडद्यावर सासरेबुवांची खुर्ची मोडली आणि नेहमीच्या घोळक्याऐवजी एकच पोर हसलं. आधी नाकातून फुस्स, मग उचकी, मग खळखळाट. हे हसणं तिने हजारांत ओळखलं असतं.

"काका, हे कुणाचं?"

"तुम्हीच लिहिलंय की. भिंगरी. शोधलं तर कपाटात निघाली." त्यांनी पत्र्याचा गंजका डबा पुढे केला. चिकटपट्टीवर ते नाव, शाई पार उडालेली. "मी इथं लागलो त्याच्याही आधीची आहे. वीस वर्षं तरी झाली."

पोरं हसतात सारखीच, तिने स्वतःला बजावलं. शिकलेली बाई होती.

त्या संध्याकाळी भिंगरी हसली नाही. गुदगुल्या केल्या तर अंग चोरलं, तोंड उघडलं, खांदे गदगदले. आवाज मात्र नाही.

"घसा बसला असेल गं," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा ठणठणीत. तोंडाचा पट्टा तर चालूच होता. फक्त हसू तेवढं मुकं.

"लेखिकाबाई, त्या पोरीनं मालिका तारली!" निर्माते खूश होते. "आता प्रत्येक भागात हवी."

आठवड्याभरात युनिटमधून हशा हा शब्दच गेला. 'इथं एक भिंगरी टाका.' 'छे, इथं दोन!' तिने कंस लिहायचे सोडले, तर ऑफिसात कुणीतरी ते भरून टाकायचं.

तिने काकांजवळ टेप मागितली.

"चॅनेलची आहे ताई, नोकरी जाईल माझी. आणि जुनी टेप, वाजेल तेवढी झिजते. संपेल आपसूक."

"किती उरलीये?"

"निघतील दोन भाग."

तिने मुद्दाम पुढचा भाग मिळमिळीत लिहिला. विनोदच नाही तर हसायचं कशाला? निर्माते रागावलेही नाहीत. "पडतो एखादा भाग. विनोद पडला की हशा दुप्पट लावायचा, धंद्याचा नियमच आहे."

एकाच दिवसात सगळी टेप वापरली गेली.

भर दुपारी ती काकांशेजारी बसून रीळ बारीक होताना बघत राहिली. खळखळाट विरत विरत खरखर झाला. मग नुसती फुस्स.

मग तीही नाही.

आणि अगदी शेवटी, दमलेल्या आवाजात: "आई, झालं?"

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुठनं आलं? बोलणं नकोय आपल्याला." त्यांनी टेप बोटभर मागे घेतली आणि तेवढा तुकडा कापायला ब्लेड उचललं.

"काका, नको!"

ब्लेड फिरलं होतं.

तिने तिथूनच घरी फोन लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. पलीकडे छोटा, भरभर चाललेला श्वास.

"भिंगरी? बोल ना गं."

श्वास फोनच्या अगदी जवळ आला, आणि तसाच चालू राहिला.