बंपरचं आठवं छिद्र

नव्या मागच्या बंपरला छिद्रं आठ होती. बोल्ट सात.

झुवैनाने पुन्हा मोजलं, गाडीखाली पाठीवर पडून, टॉर्च दातांत धरून. आराखडा तिने स्वतःच काढून दिला होता. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, मधोमध एक. हे आठवं आतल्या बाजूला, सहजी दिसू नये असं पाडलेलं, आणि वर काळ्या रबराचं बूच. बुचामागे रिकामं.

कुणीतरी इथे काहीतरी लपवलं होतं... आणि मग काढून दुसरीकडे ठेवलं होतं.

कुणीतरी म्हणजे नभान. बिदियात, वाळू सुरू होते तिथे त्याचं गॅरेज. छपरावरचा कॅरियर, बॉनेटच्या कडेने वर नेलेलं हवेचं नळकांडं, उंच केलेली चाकं, टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावी म्हणून लावलेली झेंड्याची लांब काठी, सगळं त्याच्याच हातचं. काम चोख. जरा जास्तच चोख, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायची. गाडी उंच केल्यापासून चढताना तिचा अबाया अडकत होता. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. तरी पुढच्या वेळी दाराखाली एक पायरी आलेली, नेमकी तिच्या पायाला हवी तितक्याच उंचीवर.

"माझं माप तुम्हाला कुणी दिलं?" तिने विचारलं होतं.

"कुणी नाही," तो पाना पुसत म्हणाला. "अंदाज."

"असा सेंटिमीटरचा अंदाज?"

"मग... चांगला अंदाज."

आणि त्याने गरजेपेक्षा क्षणभर जास्त पाहिलं होतं. तिचे गाल तापले होते. तापले, याचाच तिला राग आला होता.

त्यात थोरल्या भावाचे, यारुबचे, मस्कतहून फोन.

"काल दुपारभर त्या गाफच्या झाडाखाली काय करत होतीस?"

"कुठल्या झाडाखाली?"

"वासिलच्या वाटेवरच्या. मला सगळं कळतं हं!"

ती झाडाखाली नव्हतीच. ती वाळूत होती, विद्यापीठासाठी टेकड्या किती सरकतात ते खुंट ठोकून मोजत. परवा तर त्याने कहर केला. "सकाळपासून कचऱ्याच्या ढिगापाशी का घुटमळत होतीस?"

म्हणजे भावाला कुणीतरी बातम्या पुरवत होतं, आणि त्याही खोट्या! बाबांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, एक तक्रार आली की गाडी बंद. गाडी बंद म्हणजे काम बंद.

तेव्हा तिने प्रयोग करायचं ठरवलं. सकाळी गॅरेजवरून जाताना काच खाली करून नभानला म्हणाली, "आज वासिलला चाललेय." आणि गेली बरोबर उलट, दक्षिणेला, आपल्या सगळ्यात लांबच्या खुंटापाशी. तिथे कुणी उगवलं, तर समजायचं, माग सांगणारं यंत्र गाडीतच आहे.

टायरांतली हवा कमी करून तिने दोन टेकड्या ओलांडल्या, गाडीच्या सावलीत बसली, थर्मासमधली कॉफी ओतली. कप संपायच्या आत समोरच्या टेकडीवर लाल झेंड्याचं टोक आलं. मग छप्पर. मग नभान.

तिला आधी आनंद झाला. संशय खरा ठरलाय, हे मागाहून आठवलं.

"वासिल इकडे कधी आलं?" तो खिडकीतूनच ओरडला.

"आणि मी इकडे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आठव्या छिद्राने?"

तो खाली उतरला. कानापर्यंत लाल. "छिद्रं... मोजलीत?"

"मी सगळं मोजते. यंत्र कुठंय?"

"तुमच्या गाडीत नाही."

"मग इथवर कसे आलात?"

त्याने वाळूकडे बोट केलं. "तुमच्या डाव्या मागच्या टायरच्या कडेला नखाएवढी चीर आहे. दर फेऱ्याला वाळूत एक चंद्रकोर उठते. ती वासिलच्या वाटेवर दिसली नाही, म्हणून माघारी फिरलो. आमचे आजोबा उंटांचे माग काढायचे. मी टायरचे काढतो."

"आणि पायरीचं माप?"

"गॅरेजच्या अंगणात तुमची पावलं उमटतात. दोन पावलांतल्या अंतरावरून..." तो वाळू पायाने सारखी करत राहिला. "मग तेवढ्या भागात झाडू मारायचं जिवावर यायचं."

तिने ओठ चावून हसू दाबलं. "विषय बदलू नका. यंत्र!"

"यारुबने आणून दिलं. समोर उभं राहून बसवून घेतलं. नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या गॅरेजात गेला असता. तो गेला आणि मी काढलं."

"फेकलंत?"

"फेकलं असतं तर त्याला कळलं असतं." त्याने मान खाजवली. "काकांच्या समहाच्या गळ्यात बांधलं."

"समहा कोण?"

"उंटीण."

गाफचं झाड. दुपारभराची सावली. कचऱ्याचा ढीग...

"म्हणजे मी कचरा खात होते?"

"फक्त परवा. एरवी तुमचं खाणं चांगलं आहे."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मला का नाही सांगितलंत?"

"भावाची चुगली बहिणीकडे करायची... मी कोण?"

"मग आज का सांगताय?"

"काकांनी सकाळी समहाला पिकअपमध्ये चढवलं. शर्यतीला. यारुबच्या हिशेबाने तुम्ही आत्ता ताशी शंभरने सरहद्दीकडे—"

झुवैना टेकडी चढायलाही लागली होती. रेंज फक्त माथ्यावर यायची. तो मागून आला, अदबीने अंतर राखून, बाजूबाजूने.

फोन लगेच वाजला. "पोरी," बाबा म्हणाले, "यारुब डोकं आपटून घेतोय. तू सरहद्दीवर, बुरैमीला पळून चाललीस म्हणे?"

यंत्र बिघडलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बाबा, मी माझ्या खुंटापाशी आहे. बुरैमीला उंटीण चाललीय."

आणि तिने सगळं सांगितलं. आठव्या छिद्रासकट.

"कुणाची उंटीण? हमूदची समहा?"

"हो, नभानच्या काकांची."

"ती काही जिंकत नाही यंदा. जड झालीय. तो गॅरेजवाला तिथेच आहे का?"

"आहे. जरा लांब उभा आहे."

"मग विचार त्याला, हा उपद्व्याप कुणासाठी केला."

तिने फोन खाली घेतला, बंद न करता. "बाबा विचारतायत... कुणासाठी केलंत?"

नभान वाळूकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे. "माग मी सगळ्यांचे ओळखतो, झुवैना. पुसू दिले नाहीत, ते फक्त तुझे."

'तुझे' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. तिने फोन कानाला लावला.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "यारुबला मी बघतो. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. संध्याकाळी त्या गॅरेजवाल्याला कॉफीला बोलाव. आणि एकटा नको... आईला घेऊन ये म्हणावं."

खाली आल्यावर तिने गाडीतून टेप काढली.

"आता काय मोजतेस?"

"हलू नकोस. पुसशील."

ती पावलांच्या रांगांशेजारी गुडघ्यांवर बसली. टेप ताणली.

चढताना दोघांच्या पावलांमधलं अंतर एक मीटर दहा. उतरताना अठरा सेंटिमीटर.