दोन कबरींचा एक ट्रे

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं, आणि ते माझ्याच बाबतीत घडलंय. वयामुळे भास झाला असेल, असं स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. पटत नाही.

आयुष्य ग्रंथालयात गेलं. अडुसष्टाव्या वर्षी पुरातत्त्वाच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. माझ्या वयाची तिथे एकच, निवृत्त नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

आम्हा दोघांकडे दोन कबरींतली हाडं धुवायला दिली होती. नियम एकच. एका ट्रेमध्ये एकच कबर.

जागा कमी पडली म्हणून मी दोन्हींची बोटं एकाच ट्रेमध्ये वाळत घातली. कबरींच्या चिठ्ठ्या भिजल्या, शाई पसरली. मग मी अंदाजाने वाटणी केली आणि प्रत्येक हाडावर कबरीचा नंबर घातला. कुणाला सांगितलं नाही.

सरांनी एक पंजा जुळवून पाहिला.

"सात बोटं? हा माणूस होता की खेकडा?"

वर्ग हसला.

"ट्रे कुणाचा?"

दोघांच्या कामाची वहीत सही सिस्टरच करायची. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी चष्मा पुसत बसलो.

तिला वर्गातून काढलं. आठवड्याने तिचं पत्र आलं. 'ग्रंथपालसाहेब, ट्रे तुमचा होता. दोन ओळी लिहून द्या, मला परत घेतील. महिनाअखेरीस बैठक आहे.'

पत्र मी एका पुस्तकात घालून ठेवलं.

महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला. रविवार, दुपारचे तीन. धुण्याच्या खोलीत मी एकटाच नंबर घालत बसलो होतो.

मागे ब्रशचा आवाज आला...

खस्... खस्...

वळून पाहिलं. बेसिन कोरडं.

मान खाली घातली. पुन्हा तोच आवाज... या वेळी टेबलाखालून.

मग तो थांबला. घड्याळाची टिकटिकही थांबली.

उजव्या हाताला गार लागलं. कुणीतरी ओल्या ब्रशने नखांपासून मनगटापर्यंत घासत होतं. जोरात. रागाने. ब्रश दिसत नव्हता... कातडी मात्र लाल होत होती.

हात ओढला. सुटेना.

सुटला तेव्हा प्रत्येक पेरावर काळ्या शाईचा नंबर होता.

अक्षर माझंच.

तीन बोटांवर एका कबरीचा. दोन बोटांवर दुसरीचा.

"अहो, दौतीत हात बुडवलात की काय?" घरी ही म्हणाली. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं. नंबर फिका पडेना. तिचं हसू मात्र हळूहळू गेलं.

"कुणाचं काय केलंत तुम्ही?"

मी लिहायला बसलो. 'ट्रे माझा होता. हे पत्र बैठकीत दाखवा.' एवढ्याला पाऊण तास लागला.

ऊन होतं तोवरच कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेलो. पाकीट आत सरकवलं.

ते आतून ओढून घेतलं गेलं...

पाठोपाठ माझी बोटंही.

दुसऱ्या कबरीचा नंबर असलेली दोन लगेच सुटली. पहिलीची तीन सुटेनात.