मास्तरांचा शब्द काही ठरेना

बाबा जेवायला गेले होते, म्हणून मास्तरांनी आणलेला कागद माझ्या हाती आला... नाहीतर आमची गाठ कशाला पडली असती!

"वाचनालयाच्या दारावर कोरायचाय. एकच शब्द आहे, लॅटिन." मास्तरांच्या बाहीला खडू लागला होता, माझ्या हातांना दगडाची भुकटी. "कसा वाटतो?"

मी कागद ऐटीत पाहिला. "चांगला आहे."

मला कुठलंच अक्षर येत नव्हतं. बाबा दगडावर आखून देत, मी त्या रेषांवरून कोरत असे. पण हे या माणसाला कळू नये, असं इतकं वाटलं की कानशिलं तापली.

मग मास्तर रोज येऊ लागले – शब्दाची शेपटी बदलायला!

"काल दिला त्याचा अर्थ 'मी वाचतो'. 'तू वाचतेस' करू या?"

दोन दिवसांनी, "त्यापेक्षा 'आपण वाचतो' बरं."

"मास्तर, दगड आहे हा, पाटी नव्हे पुसायला!" बाबा करवादले. "एकदाचं काय ते ठरवा."

मास्तर माझ्याकडे बघून हसले. मी उगाचच हातोडी जोरात हाणली.

एका दुपारी ते म्हणाले, "या शब्दाचा मूळ अर्थ वाचणं नव्हताच. वेचणं होता. फळं वेचावीत, तसं काहीही. पुढे माणसं अक्षरं वेचू लागली."

"काटक्या खूप वेचल्यात मी," मी हातोडी खाली ठेवली. "अक्षर एकही नाही. मला वाचता येत नाही, मास्तर. आता... उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कागद उलटा धरून तुम्ही 'चांगला आहे' म्हणालात. शब्द खाली डोकं, वर पाय होता."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला! "तरी येत राहिलात?"

"माझ्या लॅटिनच्या तासाला अख्खा वर्ग पेंगतो हो. हा शब्द कुणी चांगला म्हटल्याचं पहिल्यांदाच ऐकलं." मास्तर थोडे घुटमळले. "शिकवू... का?"

"एका अटीवर. तुम्हीही छिन्नी धरायला शिकायचं."

पहिल्याच घावाला त्यांनी स्वतःचा अंगठा ठेचला. मी तो चटकन दोन्ही हातांत धरला. बाबा एकदा खाकरले... दोनदा खाकरले...

मी काही सोडला नाही.