साडेचारटोल्याचं बोलावणं

प्रफुल, हसून घे आत्ताच. नंतर मला म्हणशील, "काका, घरापर्यंत सोडून द्या." टिकाराम माझ्या ताटाला ताट लावून जेवणारा माणूस, त्याच्या तोंडून ऐकलंय तेच सांगतो.

मागचा वैशाख. अमावस्येची आदली रात्र. टिकारामच्या एकुलत्या एक पोरीचं, रिंकूचं लग्न तीन दिवसांवर आलेलं. म्हणून तो कामठ्याहून गाडी काढून सालेकशाच्या जंगलातल्या साडेचारटोल्याला बोलावणं द्यायला गेला. त्याचा साळा भैय्यालाल तिथंच राहतो.

नाव ऐकून हसू येतं ना? टोला म्हणजे वस्ती; चार घरं आणि एक अर्धं, म्हणून साडेचार. एका बाईनं पोरीच्या लग्नासाठी ते घर बांधायला काढलं होतं. भिंती कमरेएवढ्या झाल्या, दाराची चौकट उभी राहिली, आणि हळदीच्या आदल्या दिवशी पोरगी तापानं गेली. मागोमाग बाईही गेली. तेव्हापासून टोल्यात कोणी लग्नाचं बोलावणं आणलं, की चार उंबऱ्यांवर पिवळे तांदूळ ठेवायचे आणि पाचवी चिमूट त्या चौकटीत. मुकाट्यानं. तोंडानं 'ये' म्हणायचं नाही. तांदळानं मान मिळतो, अन् मान मिळाला की बाई जागची हलत नाही.

चहापाण्यात दिवस बुडाला. निघताना भैय्यालालनं विचारलं, "भाऊजी, चौकटीत तांदूळ टाकले ना?"

"टाकले गा!"

टाकले कुठले! पुडी चार घरांतच संपली होती, अन् पुन्हा तांदूळ मागायची याला लाज वाटली. पडक्या भिंतीला कसलं बोलावणं, असं म्हणत बेट्यानं गाडीला किक मारली.

नाल्याच्या उतारावर लाइटमध्ये एक बाई दिसली. रस्त्याच्या मधोमध. याला वाटलं, तेंदूपत्ता तोडून परतणारी असेल. गाडी थांबवली.

"काऊन बाई, इतक्या रातीची इथं?"

"आमच्या घरचं बोलावणं राह्यलं ना, दादा."

टिकाराम गार पडला. गाडी चालूच होती.

"पोरीले हळद कधी लागते?"

"परवा..."

"माय हाय तिले?"

"हाय ना... हाय."

बाई रस्ता सोडेना. नुसती उभी. नाला गप्प. रातकिडेही गप्प.

मग टिकारामच्या तोंडून ते गेलं. पोरीच्या बापाला सवयच असते रे, चार दिवस जो भेटेल त्याला तेच म्हणत असतो.

"ये बाई. लग्नाले ये. तुहंच घर हाय."

"येतो," ती म्हणाली.

अन् रस्ता मोकळा.

त्यानंतर टिकारामला झोप नाही. हळदीच्या रात्री तो रिंकूच्या दाराशी काठी घेऊन बसला. बायको रुख्मा चिडली, "काऊन असे बसून राहिले? लोक हसून राहिले ना!" काय सांगणार? आपल्या हातानं पोरीवर संकट ओढवून आणलं, या विचारानं त्याचं काळीज तुटत होतं. पण लग्न छान पार पडलं. रिंकू देवरीला नांदायला गेली. टिकारामनं देवाला नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे जावयाचा फोन.

"मामाजी... तुम्ही या. आईंनाही आणा."

दोघं धावत गेले. रिंकू खाटेवर बसलेली. हसरी, धडधाकट. रात्री केस मोकळे सोडून झोपली होती, जावई सांगत होता. दाराला आतून कडी होती. अन् आता पाठीवर घट्ट पाचपेडी वेणी. तेल लावून, चापूनचोपून घातलेली. त्या घरात कुणालाच तशी वेणी येत नाही.

टिकारामनं ती सोडायला हात पुढं केला.

रिंकूनं वेणी छातीशी धरली.

"राहू द्या ना, बाबा. मायनं घातली."

रुख्मा समोरच उभी होती... रिंकूनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.