हाफटाइमला बाजू बदलताना

हाफटाइमची शिट्टी झाली आणि मी उठले.

उठले म्हणजे… पायच उठले. बाहेर टॅम्पिनीस या उपनगरावर पाऊस नुसता ओतत होता. मैदानाला लागून असलेल्या लायब्ररीच्या काचेमागे शाळकरी मुलं पुस्तकं उघडी टाकून मॅच बघत होती. पहिल्या अर्ध्यात आमचा संघ – म्हणजे मी तासाभरापूर्वीच आपला मानलेला संघ – डावीकडच्या गोलवर चाल करत होता. आता उजवीकडे करणार. मग माणसाने डावीकडे बसून करायचं काय?

मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला चालू लागले. माझ्यामागे कुणी म्हणजे कुणीच आलं नाही. एका आजोबांनी तर दयेने हात केला, "टॉयलेट दॅट साइड, गर्ल."

त्या टोकाला पोचेपर्यंत पावसाच्या तुषारांनी तोंड, मान, सगळं भिजलं होतं. आणि तिथे एका रिकाम्या खुर्चीवर टिश्यूचं एक नवंकोरं पाकीट! वर हसऱ्या दाताचं चित्र, कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात. देवानेच ठेवलं असणार. मी पाकीट फोडलं, तोंड पुसलं, मान पुसली, खुर्ची पुसली आणि ऐसपैस बसले.

"एक्सक्यूज मी… ही सीट चोप्ड आहे."

वर पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, बोटाला लटकणारी कॉफीची प्लास्टिक पिशवी, आणि अगदी अवघडलेला चेहरा.

"चोप्ड?" मी इंग्रजीत विचारलं.

"राखून ठेवलेली. टिश्यू ठेवला होता ना मी."

मी मांडीवरच्या चोळामोळा झालेल्या टिश्यूंकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगं बाई! मी तर यांची जागाच पुसून टाकली!"

तो असा काही हसला की पिशवीतली कॉफी हिंदकळली. "पुसलीत ते बरं केलंत," तो चक्क मराठीत म्हणाला. "ओलीच होती."

मग शेजारच्या खुर्चीत बसून त्याने मला या शहराचा कायदा समजावला. टेबलावर, खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली. कुणी हात लावत नाही. "पाकीट म्हणजे सातबाराच समजा."

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे हाफटाइमला जागा बदलतात. आपला संघ ज्या गोलवर चाल करणार, त्या गोलमागे जायचं."

"आमच्याकडे म्हणजे?"

"आर्ब्रोथ."

"हे गावाचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं?"

"गावाचं. स्कॉटलंडमधल्या. आणि संघाचंही. आम्ही एकदा छत्तीस-शून्यने जिंकलोय, माहितीये?"

"कुणाशी? अंगणवाडीशी?"

"अठराशे पंच्याऐंशी साली," मी फणकारले.

"अच्छा…" त्याने गंभीरपणे मान हलवली. "मग तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या होतात?"

मला हसू आवरेना. मैदानावर खेळ सुरू झाला होता आणि आमच्या दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

त्याचं नाव प्रबोध. सेम्बावांगच्या जहाजांच्या यार्डात इंजिनिअर. आई लीलाबाई आणि तो, दोघं टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मी वल्लरी – विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळांवर दोन वर्षांचं काम घेऊन आलेली, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहणारी. पुढच्या मॅचला मी पोचले तर दोन खुर्च्यांवर दोन पाकिटं होती. डावीकडे. आणि हाफटाइमला?

"तुम्ही जा," तो म्हणायचा. "मी जागा सोडत नाही. एकदा धरली की धरली."

"मग गोल कसा दिसणार?"

"तुम्ही सांगाल ना… येऊन."

आणि मी खरंच सांगायला परत यायचे. दर वेळी थोडी लवकर.

सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. माझं सगळं बालपण गेफील्डच्या पायऱ्यांवर गेलं. आर्ब्रोथचं मैदान ते – मैदान कसलं, समुद्राचं अंगणच. एका बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडे थेट उत्तर समुद्र. हिवाळ्यात लाट उसळली की भिंतीवरून आत. बाबा त्या गावात डॉक्टर. ते लग्न करून आले तेव्हा आईला फुटबॉल म्हणजे शिक्षा वाटायची. वारा असा की गोलकीपरने मारलेला चेंडू त्याच्याच अंगावर परत यायचा. मग अंगात ऊब यावी म्हणून आई, माझी अरुणाआई, डाळिंबी मफलर डोक्याला गुंडाळून ओव्या गुणगुणायची. जात्यावरच्या ओव्या… पण जातं नाही, तर समोर बावीस माणसं धावतायत!

समुद्राबाई समुद्रा, भिंतीवरून डोकावू नको
माझ्या लेकीच्या संघाला असा वाऱ्याने रोखू नको

शेजारच्या स्कॉटिश आजी विचारायच्या, "हा मंत्र का?" आई म्हणायची, "हो, पेनल्टीचा."

बाबा मला गावोगाव न्यायचे. ब्रेकिनच्या मैदानाला एका बाजूने चक्क हिरवं कुंपण – झुडपांचं. डंडीत दोन हाडवैरी संघांची दोन मैदानं एकाच रस्त्यावर, शेजारणींसारखी तोंडं फिरवून उभी. पण सगळ्यांत लाडका तो हाफटाइम. आमची माणसं या टोकाहून त्या टोकाला निघायची, पाहुण्या संघाची त्या टोकाहून या टोकाला. मध्ये गाठ पडली की टोमणे, चिमटे, कुणाच्या हातातल्या गरम खिमापाईचा वास… आणि बाबांनी घट्ट धरलेला आईचा हात. गर्दी नसली तरी धरलेला. आई गेल्यावर बाबा तो हात खिशात घालून चालायला लागले.

हे मी प्रबोधला सेम्बावांगच्या किनाऱ्यावर सांगितलं होतं. समोर संथ पाणी, पलीकडे जोहोरच्या किनाऱ्याची हिरवी रेघ, दूरवर यार्डाच्या क्रेनी. त्याने त्या क्रेनींकडे बोट केलं.

"मी जे बांधतो ना," तो म्हणाला, "पवनचक्क्यांसाठीचे ते लोखंडी मनोरे… ते तिकडेच जातात. उत्तर समुद्रात. मी त्या समुद्राची खोली सांगू शकतो, वारा सांगू शकतो, लाटेची उंची सांगू शकतो. पण मी तो पाहिलेला नाही."

"मी पाहिलाय. आमच्या मॅचला यायचा तो. तिकीट न काढता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की पाण्यावरची उन्हाची तिरीप डोळ्यांत गेल्याचं निमित्त मला करावं लागलं.

"वल्लरी… तू म्हणू का?"

"विचारून मोकळा झालास की आता."

त्या दिवसापासून रविवारी दुपारी, म्हणजे बाबांच्या सकाळी, माझा फोन लीलाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर लागायचा. बाबा आदल्या दिवशीची मॅच सांगायचे, प्रबोध नको ते प्रश्न विचारायचा, आणि लीलाबाई मागून ओरडायच्या, "डॉक्टर, जय भीम! कानटोपी घालून जाता ना?" बाबांना कुणी दटावलं की ते किती खुलतात, ते मी तेव्हा परत पाहिलं.

मग एका रविवारी बाबा म्हणाले, "दोन-एकने जिंकलो. दुसरा गोल म्हणे सुंदर झाला."

"म्हणे? तुम्ही तर गोलमागेच असणार ना?"

फोनवर वारा वाजल्यासारखा आवाज. तो वारा नव्हता, उसासा होता. "नाही गेलो गं. गुडघा… पायरीवर बसूनच राहिलो. कुणीतरी जागा धरायला हवीच ना?"

बाबा हसले. मी नाही हसले. जन्मभर बर्फात, पावसात, आई गेल्याच्या आठवड्यातही हाफटाइमला बाजू बदलणारा माझा बाप एका बाजूला बसून राहिला होता. एकटा.

माझं इथलं काम संपत आलं होतं. ते वाढवून मिळणार होतं… मीच अर्ज भरायची थांबले.

प्रबोधला सांगितलं ते मैदानावरच, शिट्टी व्हायच्या आधी. तो हातातलं पाकीट नुसतं उलटसुलट करत राहिला. मला वाटत होतं, थांब म्हण. एकदा तरी म्हण. मी थांबणार नाही, पण म्हण.

"जायलाच हवं तुला," तो म्हणाला. "त्यांच्याजवळ कुणी नाही."

"एवढंच?"

"मी जागा धरून बसणारा माणूस आहे, वल्लरी. आईला इथल्या उकाड्याशिवाय, शेजारणींशिवाय… कसं विचारू तिला? तोंडदेखलं काहीतरी बोलून तुला अडकवू?"

हाफटाइम झाला. मी उठून दुसऱ्या टोकाला गेले. त्या दिवशी गोल झाला की नाही, आठवत नाही. परत यायच्या आधीच तो गेला होता. माझ्या खुर्चीवर त्याचं पाकीट तेवढं होतं. ते मी रडायला वापरलं.

आर्ब्रोथ होतं तसंच होतं. बाबा मात्र थोडे आखडले होते, उंचीनेही आणि चालण्यानेही. मी शनिवारी त्यांच्या शेजारी उभी राहायचे, त्यांचा हात माझ्या कोटाच्या खिशात घेऊन. प्रबोधचे निरोप यायचे – गुडघा कसा आहे, कोण जिंकलं – आणि मी तेवढ्यालाच तेवढं उत्तर द्यायचे. टॅम्पिनीसच्या पावसाबद्दल विचारायचा धीर व्हायचा नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी वारा पिसाटला होता. पहिला अर्धा शून्य-शून्य. शिट्टी झाली.

"तू जा," बाबा म्हणाले. "माझा गुडघा म्हणतोय, इथेच बरं. पण कुणीतरी जायला हवं, नाहीतर गोल व्हायचा नाही."

"एकटी?"

"जा गं!" त्यांचा चेहरा जरा जास्तच साधाभोळा दिसत होता. पण माझ्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी आणलेलं, मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मी भिंतीकडेने निघाले. पाहुण्या संघाची माणसं समोरून येत होती, कुणी डोळा मिचकावला, कुणी मफलर हलवला. कोपऱ्यावरच्या झेंड्यापाशी आईची ठरलेली पायरी. तिथे पोचले आणि…

पायरीवर टिश्यूचं पाकीट होतं. उडू नये म्हणून वर किनाऱ्यावरचा गोल दगड. दगडाखालून हसरा दात डोकावत होता.

"एक्सक्यूज मी," मागून आवाज आला. त्याचे स्वतःचे दात कडाकडा वाजत होते. "ही सीट… चोप्ड आहे."

वळायला मला वेळ लागला. दोन मापं मोठं जाकीट, लाल नाक, चष्म्यावर खारट थेंब, दोन्ही हातांत वाफाळत्या खिमापाई.

"इथे सीटच नाहीये, वेड्या," मी कशीबशी म्हणाले. "इथे उभं राहतात."

"ते बाबांनी सांगितलंच नाही. पायरी कुठली, ते सांगितलं. पाई कुठे मिळते, ते सांगितलं…"

"बाबांनी?"

"त्यांच्याकडे तुझा हात मागितला मी. ते म्हणाले, आधी थंडीत उभा राहून दाखव." त्याने समुद्राकडे मान केली. दूर, धूसर पाण्यात मनोरे उभे होते. "मी बांधलेले ते. त्यांच्यावर देखरेखीला माणूस हवा होता. दोन वर्षं. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा जागा सोडली."

"आणि आई? लीलाबाई? त्यांना एकटं सोडून…"

"मागे बघ."

पलीकडच्या टोकाला बाबा उभे होते. शेजारी माझ्या आईचा डाळिंबी मफलर कानाला गुंडाळून, हातात स्टीलचा थर्मास घेऊन लीलाबाई. बाबांना काहीतरी दटावत होत्या. बहुतेक कानटोपीवरून.

"मी घाबरत घाबरत विचारलं तिला," प्रबोध म्हणाला. "तर म्हणते, तुझ्या बापामागे मी नागपूरहून टॅम्पिनीसला आले, तेव्हा कुणी विचारलं होतं का? स्वेटर कुठे मिळतो ते सांग."

मी हसले, आणि मग हसता हसता दुसरंच काही व्हायला लागलं. "दोन वर्षांनी काय?"

"दोन वर्षांनी हाफटाइम. बाजू बदलू. बाबांना घेऊनच टॅम्पिनीसला जाऊ, तिथे लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. त्यांना नको वाटलं तर पुन्हा इकडे. संघ एकच ठेवायचा, वल्लरी. बाजू बदलली तर काय बिघडतं… हे तूच शिकवलंस ना?"

तेवढ्यात लाट आली. भिंतीवरून, पांढरीशुभ्र, बेधडक – आणि दोघांनाही नखशिखांत भिजवून गेली. पाईंचा पार लगदा झाला.

"हाच का तो?" प्रबोध धापा टाकत म्हणाला. "तिकीट न काढणारा?"

"हाच. पाहिलास ना आता?"

मी दगड उचलला, पाकीट फोडलं. त्याचा चष्मा पुसला. कपाळ पुसलं. खारट गाल पुसले, आणि त्याने माझे. कुठलं पाणी समुद्राचं आणि कुठलं आमचं, कुणी बघत बसलं नाही. आईची ओवी ओठांवर आली, पण शब्द आपोआप बदललेले –

अर्धा डाव तुझ्या गावी, अर्धा डाव माझ्या दारी
समुद्राबाई समुद्रा, आता भिजव दोघांना जन्मभरी

"संपलं," मी रिकामं पाकीट त्याला दाखवलं. "आता जागा कशी धरणार?"

त्याने पाकीट खिशात टाकलं आणि, आजूबाजूला काही गर्दी नव्हती तरी, माझा हात धरला.

"अशी," तो म्हणाला.

खेळ सुरू झाला होता, आणि पलीकडून बाबा ओरडत होते, "अरे, चेंडूकडे बघा!"