अकरा मिनिटांची बॅटरी

मोरेश्वर माह्या साळ्याचा पोरगा. तुम्ही पाहिलं असंल त्याले, सौंसरात इन्व्हर्टर बसवते. हे त्याच्यासंगच झालं. मागच्या वर्षी, पोळ्याच्या गोटमारीनंतर, त्या दगडफेकीच्या जत्रेनंतर, चौथ्या दिवशी, रात्री पावणेनऊले.

दुकानाचा मालक केशवराव. त्यानं संध्याकाळी सांगितलं, तिगावच्या अंबाबाईच्या घरून बॅटरी उचलून आण. कोणी विचारलं तर म्हण, तपासाले नेऊन राहिलो. मोरेश्वर गाडी घेऊन निघाला. रस्ता ओला होता, संत्र्याच्या बगीच्यांतून थंड हवा येऊन राहिली होती. त्याले वाटलं, साधं काम आहे.

बॅटरी काहून पाहिजे होती, ते सांगतो. अंबाबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. लाइट गेली तरी मशीन चालावं म्हणून तिच्या नातीनं, प्रणालीनं, नवीन बॅटरी घेतली. नवीन कायची? केशवराव मेलेल्या बॅटऱ्या धुवून, रंगवून वर नवा कागद चिकटवत होता. मोरेश्वरले हे माहीत होतं. माहीत असून त्यानं ती बसवली. माह्या घरचा आहे, पण ह्याच्यासाठी मी त्याले माफ करणार नाही. एका रात्री लाइट गेली अन् बॅटरी अकरा मिनिटांत बंद पडली. प्रणाली दुकानाच्या नंबरवर फोन लावत राहिली. मालकानं उचलला नाही. म्हातारी गेली. तेरवी झाली, अन् आता केशवरावले पुरावा तिथून हलवायचा होता.

मोरेश्वर पोचला तेव्हा गावात लाइट नव्हती. प्रणालीनं दार उघडलं, मोबाईलच्या उजेडात खोली दाखवली. बोलली एवढंच, "अकरा मिनिटं. मी घड्याळ पाहून राहिली होती."

त्यानं मान खाली घातली. पान्यानं दोन्ही तारा सोडल्या. बॅटरी ओढून बाजूले केली.

अन् कोपऱ्यातलं मशीन सुरू झालं.

घर्र... फुस्स... घर्र... फुस्स...

लाइट नाही. तारा सुटलेल्या. मशीनवर हिरवा दिवा. त्यानं प्लग पाहिला. प्लग जमिनीवर पडला होता. प्रणाली दारात उभी. तिलेही ऐकू येत होतं. ती हलली नाही...

मग रिकाम्या पलंगावरून आवाज आला. दमलेला. पण राग होता त्यात.

"किती वेळ चालंल रे, बापू?"

बॅटरी बसवली त्या दिवशी म्हातारीनं हेच विचारलं होतं. तवा हा म्हणाला होता, चार तास, आजी, बिनघोर झोपा.

मशीन जोरात. आणखी जोरात. त्याचाच श्वास कोंडला...

"जुनी होती, आजी," तो कसाबसा बोलला. "मले माहीत होतं."

मशीन थांबलं.

त्यानं बॅटरी आणली नाही. रात्रभर ओट्यावर बसला अन् सकाळी प्रणालीसंग ठाण्यात गेला. वरचा कागद खरवडून खालची जुनी तारीख दाखवली. सगळं लिहून दिलं, स्वतःचा गुन्हाही.

शिपाई केशवरावच्या घरी गेले, तेव्हा मीही मागं होतो. त्याच्या तोंडावर दोन शब्द बोलायचे होते मले. दार उघडलं... अन् मी त्याच्या तोंडाकडंच पाहत राहिलो.

तो माणूस अंबाबाईच्या घरी कधी गेलाच नव्हता. पण त्याच्या नाकाखालून, दोन्ही गालांवरून, कानांपर्यंत खोल वळ होता. नाकात ऑक्सिजनची नळी महिनोन्महिने लावल्यावर पडते, तसा.

अजून आहे. जाऊन पाहा.